सुरतचा खान्देशी, दुबईचा खान्देशी: स्थलांतराच्या अभ्यासात सीमापार नजर कशी वापरायची

नवापूर स्टेशनचा फलाट थोडा महाराष्ट्रात आणि थोडा गुजरातेत आहे. तिथल्या एका बाकाच्या मधोमध रेघ असून दोन बाजूंना दोन राज्यांची नावं लिहिली आहेत. लोक त्यावर बसून फोटो काढतात. रेघ ओलांडायला कुणी कागद विचारत नाही. पण पलीकडे शाळेची भाषा बदलते, दारू बंद होते आणि महाराष्ट्राचा जमातीचा दाखला तिथल्या सरकारी नोकरीत चालत नाही. खान्देशातल्या स्थलांतरावर प्रबंध, अहवाल किंवा लेखमाला करायची असेल तर पहिला प्रश्न या बाकावरच पडतो: आपण ज्याला सीमा म्हणतो ती नक्की काय अडवते आणि काय जाऊ देते?

‘ट्रान्सनॅशनल’ दृष्टीवर भरवसा ठेवण्याआधी हे उत्तर हातात हवं. (मराठीत ‘पारराष्ट्रीय’ म्हणतात, पण एक काना गळला की त्याचं ‘परराष्ट्रीय’ होतं आणि मुद्रितशोधकाला ते कळतही नाही. म्हणून इथे ‘सीमापार’.) निना ग्लिक शिलर, लिंडा बाश आणि क्रिस्टिना झांटन ब्लांक या मानवशास्त्रज्ञांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ही मांडणी केली. कॅरिबियन बेटं आणि फिलिपिन्समधून न्यूयॉर्कला गेलेली माणसं त्यांच्यासमोर होती. माणूस एक देश सोडून दुसऱ्यात विरघळतो, हे जुनं चित्र त्यांना पटेना. पैसा, नाती, राजकारण, मानपान या सगळ्यात ही माणसं एकाच वेळी दोन्हीकडे वावरत होती. पुढे 2002 मध्ये आंद्रेआस विमर आणि ग्लिक शिलर यांनी बजावलं की देश हेच समाजाचं नैसर्गिक भांडं मानून अभ्यास करणं ही अभ्यासकाची सवय आहे, वस्तुस्थिती नव्हे.

खान्देशाला हे नवं वाटू नये. कानबाई देवीच्या सणातल्या रोटाला (भाऊबंदांच्या नैवेद्याला) सुरतहून येणारं घर दोन्हीकडे असतंच. अडचण पुढची आहे. नजर चांगली असली तरी ती जिथे दोरा आहे, म्हणजे गावाशी नातं टिकलंय, तिथेच बघते. तुटलेला दोरा तिला दिसत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका खोडीला आवर घालण्यासाठी आहेत.

आधी सीमेची वही

एकही माणूस भेटायच्या आधी वहीचं एक पान आडवं धरा आणि तीन रकाने आखा: जिल्ह्याची हद्द, राज्याची हद्द, देशाची हद्द. डाव्या बाजूला लिहा: रेशन, मतदान, जमीन, बँक, शाळा, जातीचा दाखला, कामाचा करार, आजारपण, परत येणं. मग प्रत्येक चौकटीत ती हद्द काय करते ते लिहा.

लिहायला बसलं की गंमत दिसते. धुळ्याहून सुरतला गेलेला माणूस तिथल्या मतदार यादीत नाव घालू शकतो, उमेदवारही होऊ शकतो. नवसारीचे खासदार सी. आर. पाटील यांचा जन्म जळगाव जिल्ह्यातला. शारजाला गेलेल्याला भारतीय पासपोर्टवर मतदार म्हणून नोंदणी करता येते, पण मत द्यायला स्वतः गावच्या केंद्रावर यावं लागतं. 2024 च्या लोकसभेला परदेशस्थ मतदारांची नोंदणी सुमारे 1 लाख 19 हजार होती आणि मतदान केलं 2,958 जणांनी, त्यातले बहुतेक केरळचे. जमिनीचंही तसंच. अनिवासी भारतीयाला वारशाने शेतजमीन मिळते, पण नव्याने विकत घेता येत नाही. गावातलं साधं बचत खातंही त्याला एनआरओ (अनिवासींसाठीचं खातं) करून घ्यावं लागतं. बरेच जण करत नाहीत, आणि ‘खातं कोणाच्या नावावर?’ या प्रश्नाला उत्तर टाळलं जातं ते त्यामुळेच.

दुसरी गंमत इतिहासाची. 1 मे 1960 च्या आधी सुरत आणि धुळे एकाच मुंबई राज्यात होते. सुरतेत राहणारा शहाद्याचा माणूस त्या दिवशी आहे त्या जागीच होता, पण त्याचं स्थलांतर रातोरात ‘आंतरराज्य’ झालं. म्हणून 1960 च्या अलीकडचे-पलीकडचे आकडे शेजारी ठेवताना माणूस हलला की रेघ हलली, हे आधी तपासा.

वही भरल्यावर साधा नियम लावा. देशाच्या रकान्यातल्या निम्म्याहून जास्त चौकटी राज्याच्या रकान्यासारख्याच निघाल्या, तर विषयाला ‘ट्रान्सनॅशनल’ नाव देऊ नका. प्रश्न सीमापार नजरेचेच विचारा, पण नाव साधं ठेवा. रॉजर वाल्डिंजर आणि डेव्हिड फिट्झगेराल्ड यांनी 2004 मध्ये घेतलेला मुख्य आक्षेप हाच होता. दोन ठिकाणांमधलं नातं आणि दोन राष्ट्रांमधलं नातं एकच समजलं जातं, आणि दार उघडणारं-लावणारं शासन चित्रातून गायब होतं.

चूल मोजा, माणूस नंतर

घटक म्हणून ‘कुटुंब’ घेतलं की घोळ होतो, कारण शिधापत्रिकेवरचं, 7/12 वरचं आणि जेवणारं अशी तीन कुटुंबं निघतात. चूल धरा: गेल्या बारा महिन्यांत ज्यांनी किमान एक महिना एका चुलीवर जेवण केलं ते सगळे, आणि शिवाय घरचे ज्याला ‘आपल्यातलाच’ म्हणून मोजतात तो बाहेरचा. या दुसऱ्या गटापुढे वेगळी खूण करा. सीमापार नजरेचं खरं बळ त्या खुणेत आहे. सुरतेत मागावर बसणारा थोरला, गावात शेत बघणारा धाकटा आणि त्यांची आई मिळून एकच हिशेब चालवतात, हे जनगणनेच्या फॉर्मवर कधीच दिसत नाही.

दोनशे चुलींच्या गावाची पूर्ण यादी दोघांना चार-पाच दिवसांत होते. ग्रामपंचायतीच्या घरपट्टी यादीवरून सुरुवात करा, पण तिच्यावर थांबू नका. कुलूप लागलेली घरं शेजाऱ्यांना विचारून नोंदवा. कुलूपबंद घर म्हणजे ‘माहिती नाही’ नव्हे, तुमच्या विषयातलं ते सर्वात महत्त्वाचं घर आहे.

यादीतून साठ चुली निवडायच्या असतील तर चार गठ्ठे करा: सुरत-नाशिक-पुण्याकडे गेलेले, ऊसतोडीला जाणारे, परदेशी गेलेले आणि कुणीच न गेलेले. चौथा गठ्ठा किमान पंधराचा ठेवा. तो वगळला तर गावातला प्रत्येक बदल (नवं पक्कं घर, मुलीचं कॉलेज, लग्नातला डीजे) स्थलांतराच्या नावावर जमा होतो. कापसाला एखाद्या वर्षी बरा भाव मिळाला म्हणूनही घरं उभी राहतात. परदेशी चुली थोड्या असतील तर सगळ्या घ्या, पण वजन लावायला, म्हणजे आकडा गावातल्या खऱ्या प्रमाणावर आणायला, विसरू नका. दोनशेपैकी सहाच चुली परदेशी असताना साठांत सहाही घेतल्या, तर कच्च्या आकड्यात 10 टक्के येतात. खरा आकडा 3 टक्के आहे.

आखाजीचं कॅलेंडर

‘तुम्ही कोणत्या तारखेला गेलात?’ हा प्रश्न वाया जातो. खान्देशात साल आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पालटतं, सालदाराचा (वर्षभरासाठी ठेवलेल्या शेतगड्याचा) करारही तेव्हाच. म्हणून पट्टी अशी आखा: आखाजी, कानबाई, पोळा, दिवाळी, सारंगखेड्याची यात्रा, होळी. प्रत्येक टप्प्यावर एकच विचारा: तेव्हा कुठे होता, कुणाबरोबर?

या पट्टीने सरकारी आकड्यांची एक चोरवाट उघडी पडते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 2007-08 च्या फेरीत कामासाठी एक महिना ते सहा महिन्यांपेक्षा कमी बाहेर राहिलेल्याला अल्पकालीन स्थलांतरित धरलं. ऊसतोडीची टोळी दिवाळी करून बारडोलीकडे निघते आणि आखाजीच्या सुमारास परतते. अधिक महिना नसला तर दिवाळीची अमावास्या ते आखाजी म्हणजे सहा चांद्र महिने आणि वर तीन दिवस, साधारण 180 दिवस. अगदी कडेवर! आठवडाभर आधी आलेलं जोडपं एका रकान्यात, आठवडाभर उशिरा आलेलं दुसऱ्यात. नंदुरबारच्या एखाद्या पाड्यात ‘अल्पकालीन स्थलांतर घटलं’ असा आकडा दिसला तर आधी त्या वर्षीचा हंगाम किती लांबला ते बघा.

जनगणनेचंही असंच. 2011 ची माणसं मोजली गेली 9 ते 28 फेब्रुवारीला, म्हणजे ऐन गाळपात. तोडकरी तेव्हा उसाच्या फडाजवळ, कोप्यांत (तात्पुरत्या झोपड्यांत). देशातल्या सुमारे 45 कोटी स्थलांतरितांचा जो आकडा सगळे देतात, त्यात लग्न होऊन सासरी आलेल्या बायका सर्वाधिक आहेत. तो आकडा मजूर-स्थलांतराचा म्हणून छापू नका.

रिझर्व्ह बँकेच्या सर्वेक्षणांचा मोह तर फारच. परदेशातून देशात आलेल्या पैशांत महाराष्ट्राचा वाटा 2020-21 मध्ये 35.2 टक्के आणि केरळचा 10.2 होता. 2023-24 मध्ये तेच आकडे 20.5 आणि 19.7 झाले. तीन वर्षांत माणसांचं जाणं-येणं एवढं उलटंपालटं होत नाही. ही बँकांनी दिलेली राज्यवार विभागणी आहे. यावरून रावेर किंवा साक्री तालुक्याबद्दल एक वाक्यही लिहिता येणार नाही.

पैसा विचारायची पद्धत

‘महिन्याला किती पाठवतो?’ याचं उत्तर नेहमी गोल आकडा असतो: पाच हजार, दहा हजार. त्याऐवजी शेवटची तीन पाठवणी विचारा. प्रत्येकीची रक्कम, सुमार (पोळ्याच्या आधी की नंतर), वाट (यूपीआय, बँक, येणाऱ्याच्या हाती) आणि कशात गेली. आखातातली रक्कम दिरहम किंवा रियालमध्येही टिपा, नाहीतर रुपया घसरला की मुलगा जास्त पाठवू लागला असं वाटतं. माणूस आपणहून मोबाइलवरची नोंद दाखवत असेल तर बघा, पण स्क्रीनशॉट घेऊ नका.

उलट वाटेलाही तेवढीच जागा द्या. गावातून शहराकडे ज्वारी, तूरडाळ, बिबड्या, कळण्याचं पीठ, लाल तिखट जातं. पोराच्या फीसाठी शेळी विकून पैसे जातात. सुरतेत खोलीचं भाडं थकलं की आधी गावाला फोन येतो. फक्त गावाकडे येणारा पैसा मोजला तर शहर दाता आणि गाव भिकारी असं खोटं चित्र तयार होतं. पोतं जोखता येत नसेल तर ‘किती दिवस पुरलं’ असं विचारा, दिवस सगळ्यांना आठवतात.

आता सगळ्यात जास्त चुकणारी जागा: उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ घेतलेली रक्कम. ऊसतोडीत कोयता हा जोडीचा किंवा तिघांचा एकक, आणि मुकादम पावसाळ्यातच कोयत्यामागे उचल देऊन जातो. म्हणजे इथे पैसा आधी येतो आणि माणूस नंतर जातो. वरवर बघितलं तर बाहेरून गावात रक्कम आली, तिच्यातून बी-खत झालं, लग्न उरकलं. सीमापार नजरेच्या भाषेत हा ‘दोन ठिकाणांतला जिवंत प्रवाह’ ठरतो. प्रत्यक्षात ते पुढच्या सहा महिन्यांच्या अंगमेहनतीचं गहाणखत आहे. हंगाम संपून हिशेब झाल्यावर बाकी निघाली तर पुढच्या वर्षीही तोच मुकादम. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी बारडोली भागातल्या खान्देशी तोडकऱ्यांवर 1970 च्या दशकापासून लिहिलं, त्यात हेच ठळक आहे: कारखान्याच्या दाराशी स्थानिक मजूर असतानाही बाहेरचा आणला जातो, कारण उचल घेतलेला बाहेरचा माणूस बांधलेला असतो.

म्हणून पैशाच्या तक्त्यात तीन वेगळे रकाने ठेवा: कमावून पाठवलेला, कष्टाआधी घेतलेला आणि कर्जफेडीत गेलेला. आखातालाही हे लागू आहे. भरती एजंटाला घेता येणारं शुल्क कायद्याने 30,000 रुपये अधिक जीएसटी एवढंच आहे, पण घराने प्रत्यक्ष किती उभे केले आणि कशावर, ते वेगळं विचारा. व्याजाने काढले असतील तर पहिल्या काही महिन्यांची पाठवणी घरात न थांबता सावकाराकडे जाते. तिसरा रकाना नसला तर तीच रक्कम ‘घराला हातभार’ म्हणून छापली जाते.

कागद इथे कामी येतो. 7/12 च्या ‘इतर हक्क’ रकान्यात विकास सोसायटीचा बोजा केव्हा चढला आणि केव्हा उतरला, हे फेरफारांवरून लागतं. जुन्या हस्तलिखित उताऱ्यावर उतरलेल्या बोजाला कंस केलेला असतो. ‘सुरतच्या पैशाने कर्ज फेडलं’ असं घर सांगत असेल आणि बोजा अजून उघडा असेल, तर घर खोटं बोलतंय असं धरू नका. दाखला तलाठ्याकडे पोहोचला नसेल, किंवा फेडलं ते कर्ज सावकाराचं असेल. पुन्हा विचारा. त्याच फेरफारांत बहिणींनी केलेली हक्कसोड पत्रंही सापडतात. गावाशी दोरा ठेवण्याचा हक्क घरात कुणाला मिळाला, ते तिथे कळतं.

दुसरं टोक, आणि न सापडणारी माणसं

दोन्ही टोकांना एकाच घराशी बोलणं ही या पद्धतीची शान आहे. पाठवणारा रक्कम फुगवून सांगतो, घेणारा कमी करून. दोघांची सरासरी काढू नका. फरकच नोंदवा, कारण घरातली सत्ता त्या फरकात असते.

पण नंबर मिळतो तो बोलचाल असलेल्यांचा. समजा चाळीस चुलींतून कुणीतरी गेलंय. अठ्ठावीस घरांनी नंबर दिला, एकोणीस जणांनी फोन उचलला. त्या एकोणिसांशी बोलून ‘गावाशी नातं घट्ट आहे’ असा निष्कर्ष काढणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत बसून गावात कुणी उपाशी नाही म्हणण्यासारखं. अहवालात 40, 28, 19 हे तिन्ही आकडे छापा. उरलेल्या एकवीस जणांबद्दल घर काय सांगतं (भांडण, वेगळी चूल, दुसरं लग्न, नुसतं ‘येत नाही’) ते शब्दशः टिपा. भरपाई म्हणून सुरतेत उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत गावाच्या ओळखीशिवाय स्वतंत्र निवड करा. गल्ली ठरवा, दर दहावं दार ठोठवा. तिथे भेटतात दोरा तुटलेले. महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा हीसुद्धा चांगली जागा: कोण मुलाला मराठीत घालतो आणि कोण गुजरातीत, यातून परतण्याचा बेत तोंडी उत्तरापेक्षा जास्त कळतो.

कानबाईच्या दिवसांत, नागपंचमीनंतरच्या रविवार-सोमवारी, गावात जाऊन ‘किती आले’ ते जरूर मोजा. रोट कुणाचा एकत्र आणि कुणाचा वेगळा झाला हेही विचारा, भाऊबंदकीचा तो खरा नकाशा. मात्र लांब मुलाखती त्या दोन दिवसांत करू नका. घर पाहुण्यांनी भरलेलं असतं आणि सगळे गोडच बोलतात. सातपुड्यात हेच काम होळीला, कारण काठी गावच्या होळीच्या सुमाराला मजूर फडावरून काही दिवस तरी यायला बघतात. येता आलं नाही तर का, हा प्रश्न टोळीत विचारा, मुकादमासमोर नाही. मुकादम जवळ असला की उत्तरं त्याच्याकडे बघून येतात. उचलीचा आकडा विचारायचा तर सरपण आणायला निघालेल्या बाईबरोबर चालत चालत विचारावा.

कोणत्या बोलीत विचारता?

प्रमाण मराठीत विचारलं की सरकारी माणसाला द्यायचं उत्तर मिळतं. अहिराणी पट्ट्यात ‘गावले कव्हय येतस?’ आणि ‘पैसा धाडतस का?’ एवढंही पुरतं. पावरी, मावची, भिली भागांत मात्र दुभाष्या हवा, आणि तो मुकादमाच्या घरचा नको.

‘तुमनं गाव कोनतं?’ या प्रश्नाला फसू नका. सुरतेत जन्मलेला तिसऱ्या पिढीतला पोरगाही अमळनेर नाहीतर शिरपूर सांगतो. ते कुळाचं उत्तर आहे, नात्याचं नाही. लगेच पुढे विचारा: शेवटचा कधी गेला होतास, कुठे झोपलास, जेवण कुणाकडे? तिन्हींची उत्तरं पटापट आली तर दोरा आहे. ‘लहानपणी’ आलं तर आठवण आहे. व्हॉट्सअॅपच्या गावगटाचंही तसंच. अडीचशे सदस्य हा पुरावा नव्हे. महिनाभरात स्वतः लिहिणारे किती आणि वर्गणी देणारे किती, ते मोजा. परदेशांतल्या अभ्यासांतही हेच निघालं. लुईस ग्वार्निझो, अलेहांद्रो पोर्तेस आणि विल्यम हॅलर यांनी 2003 मध्ये अमेरिकेतल्या कोलंबियन, डोमिनिकन आणि साल्वादोरी स्थलांतरितांबद्दल दाखवलं की मायदेशाच्या राजकारणात नियमित भाग घेणारे थोडेच असतात.

म्हणून प्रत्येक दोऱ्याला ‘आहे/नाही’ न लिहिता चार खुणा द्या: दर महिन्याला, सणावाराला, अडीअडचणीला, कधीच नाही. पैसा, भेट, फोन, जमीन, सोयरीक आणि मत यांना वेगवेगळ्या खुणा. बेरीज करून एकच गुणांक काढू नका. पैसा बंद असून सोयरीक गावातच करणारी घरं खूप आहेत, आणि बेरजेत ती मधली-मधली दिसून हरवतात.

लिहिताना ‘आजकाल मोबाइलमुळे’ हे शब्द आले की थांबा. तापीच्या खोऱ्यातली सुरत-भुसावळ रेल्वे सव्वाशे वर्षांची आहे, आणि लेवा, गुर्जर समाज आपली मुळं गुजरातेकडे सांगतात. नवं काय ते दाखवायचं असेल तर जुन्याशी तुलना हवी: घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या तरुणपणी मनिऑर्डर वर्षातून किती वेळा यायची, पत्र कोण वाचून दाखवायचं. दोन पिढ्यांची पट्टी एकाच कागदावर एकाखाली एक आखली की मोबाइलने काय बदललं आणि काय तसंच राहिलं, ते तिथल्या तिथे वाचता येतं.

शेवटचं काम टेबलावरचं. मसुद्यात जिथे जिथे ‘ट्रान्सनॅशनल’ किंवा ‘सीमापार’ आलंय तिथे पेन्सिलीने तो शब्द खोडा आणि वाक्य पुन्हा वाचा. अर्थ तसाच राहिला तर खोडलेलाच ठेवा. बदलला तर समासात लिहा की सीमेच्या वहीतल्या कोणत्या चौकटीमुळे बदलला. चौकट सापडली नाही, तर ते वाक्य सुरतच्या गल्लीतल्या नोंदींशी पुन्हा ताडून बघावं लागेल. नाव, मोबाइल नंबर आणि व्हिसाची स्थिती एका वहीत राहू देऊ नका. मुदत संपून राहिलेल्या माणसाची नोंद तर कागदावर येऊच नये.